माहेरच्या निंबाखाली घरगाडी

घरगाडीचं खूळ नवऱ्याचं, पण गाडी पसंत केली मी. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी कुणावर फार चिडले तर वाचणाऱ्याने मला आठवण करून द्यावी.

आम्ही सुरतला नवागामात राहतो. दोन खोल्या आणि त्यात नवरा, मी, सासूबाई आणि आमची सातवीतली पोरगी. पुढची खोली म्हणायला बैठकीची, पण बैठक असते ती साड्यांच्या गठ्ठ्यांची. मी घरी धागे कापायचं काम करते. मशीनवर भरतकाम झालं की साडीच्या उलट्या बाजूला सुटे धागे लोंबत राहतात, ते कात्रीने साफ करायचे. सकाळी एक गठ्ठा येतो, संध्याकाळी तो जातो आणि दुसरा येऊन बसतो. खिडकीसमोर हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. खालच्या मजल्यावर लूम चालतात, त्यांच्या खडखडाटाने फरशी सतत थरथरते. पाहुणे आले की म्हणतात, इथे झोप कशी येते तुम्हाला. आम्हाला मात्र लूम बंद पडले की जाग येते.

नवरा टेम्पो चालवतो. कपडा मार्केटमधून पार्सल भरायची, मिलवर उतरवायची, मिलवरून पुन्हा मार्केट. दिवसभर स्टिअरिंग धरणाऱ्या माणसाने सुट्टीत तरी आडवं पडावं, पण याला सुट्टीतही गाडीच हवी. मोबाईलवर तो घरगाड्यांचे व्हिडिओ बघायचा. एक जोडपं, दोन मुलं, समुद्राच्या काठाला लावलेली गाडी, आत पलंग, पडदे, छोटा फ्रिज. त्या बाईच्या हातात कायम कॉफीचा मग असायचा. भांडी कोण घासतं ते कधी दाखवत नसत. मी हे एकदा बोलून दाखवलं तर तो म्हणाला, तुला प्रत्येक गोष्टीत खोड काढायची असते.

पण मला ते आवडायला लागलं होतं, हेही खरं. मला समुद्र नको होता. मला फक्त एक खिडकी हवी होती जिच्यातलं चित्र बदलत राहील. शेवटी त्याने ठरवलं की जुनी, तयार केलेली गाडी घ्यायची, सुट्टीत आपण फिरायचं आणि एरवी लग्नसराईत, जत्रेत भाड्याने द्यायची. भेस्तानला एक गॅरेजवाला होता, टेम्पो ट्रॅव्हलरच्या आत पलंग-ओटे बसवून द्यायचा. तिथे आमच्या रविवारच्या वाऱ्या सुरू झाल्या.

पहिली गाडी लहानशी व्हॅन होती. मागची सीट पाडली की पलंग व्हायचा, मागचं दार उघडलं की शेगडी बाहेर सरकायची. मी चप्पल काढून त्या पलंगावर आडवी झाले. खिडकी बरोबर डोळ्यांसमोर आली. बाहेर गॅरेजचं अंगण, त्यात एक बाभूळ आणि तिच्या खाली झोपलेलं कुत्रं, एवढंच दिसत होतं, पण मला उठवेना. गॅरेजवाला नवऱ्याला इंजिनाची माहिती देत होता आणि मी मनात म्हणत होते, बास, हीच.

"आई कुठे झोपेल?" नवऱ्याने आत डोकावून विचारलं.

मी उठले. प्रश्न बरोबरच होता.

दुसरी गाडी मधली होती. चार जणांची सोय, पण स्वयंपाक बाहेर छत्री ताणून करायचा आणि संडास नव्हता. या गाडीपासून सासूबाईही बरोबर यायला लागल्या. त्यांनी आधी गाडीच्या पायरीला हात लावून नमस्कार केला, मग आत जाऊन एकेका पलंगावर झोपून बघितलं. तिसऱ्या पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "आठे डोकं कोन्ता बाजूले व्हस?"

उत्तरेला डोकं करून आमच्यात कुणी झोपत नाही. गॅरेजवाल्याला मी ते समजावून सांगितलं. तो गुजराती माणूस, त्यालाही ते पटलं, तो गंभीरपणे म्हणाला, "बा, गाडी वळशे तो दिशा पण वळशे." यावर सासूबाई उठून बसल्या आणि विचारात पडल्या. शेवटी असं ठरलं की गाडी कुठेही उभी करायची झाली तर आधी खाली उतरून उत्तर बघायची आणि मग लावायची. नवऱ्याने मोबाईलमध्ये होकायंत्र आहे असं सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं. त्यांचे गुडघे मात्र कुरकुरत होते, आणि शेतात, रस्त्यावर कुठे आडोसा शोधत बसणार, हा प्रश्न तोंडाने न विचारता त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

तिसरी गाडी मोठी होती. सहा जण झोपतील एवढी. छतावर पाण्याची टाकी, मागे संडास, आत पूर्ण स्वयंपाकाचा ओटा. पोरगी धावत जाऊन वरच्या फळीवर चढली आणि तिथून ओरडली, "मम्मी, उपरनी सीट मारी." नवऱ्याला ती गाडी जड वाटत होती. घाटात त्रास देईल, डिझेल पिईल, असं त्याचं चाललं होतं. आणि मग मी बोलायला लागले. मी म्हटलं, आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गुडघ्यांना संडास आत पाहिजे. ओटा बघा, कमरेएवढा आहे, भाकरी थापताना वाकावं लागणार नाही. पिठाचा डबा इथे राहील, मसाल्याचा इथे. परात आडवी मावते का तेही मी हात पसरून मोजलं. गॅरेजवाला कौतुकाने म्हणाला, "बेन ने बधी खबर छे." मला अभिमान वाटला. माहेरी कुणी माझं एवढं ऐकलं नव्हतं, सासरी तर नाहीच, आणि इथे चार माणसं उभी राहून मी सांगते ते ऐकत होती. विसार दिला गेला.

परत येताना आम्ही टेम्पोतच होतो, पुढे तिघं दाटीवाटीने आणि पोरगी माझ्या मांडीवर. नवरा खुशीत होता. उधन्याच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "आते आखाजीले आपन सगळाच जाऊत तुन्हा माहेरले."

मला वाटलं त्याने गंमत केली.

आखाजी म्हणजे काय ते खानदेशाबाहेरच्यांना सांगावं लागेल. अक्षय्य तृतीया सगळ्यांकडे असते, पण आमच्याकडे ती सासुरवाशिणींची असते. त्या सणाला लेक माहेरी जाते. तिला घ्यायला माहेरहून माणूस येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. माझा भाऊ दरवर्षी नंदुरबारच्या पुढच्या आमच्या गावाहून रेल्वेने यायचा, आमच्याकडे चहा घ्यायचा, सासूबाईंच्या पाया पडायचा आणि म्हणायचा, "बहिणीला न्यायला आलो." एवढं वाक्य ऐकण्यासाठी मी वर्षभर धागे कापायचे. नवऱ्याने सोबत यायचं नसतं. तो शेवटी न्यायला येतो, मांडे आणि आमरस खातो, आणि संध्याकाळी बायकोला घेऊन निघतो.

मधले आठ दिवस माझे असायचे. दारातल्या निंबाला झोका बांधलेला असायचा. माझ्याबरोबरच्या, दुसऱ्या गावांना दिलेल्या मुली आलेल्या असायच्या. कुणाचे केस पिकलेले, कुणाची पोरं दहावीला, पण झोक्यावर बसलं की सगळ्या गौराईची गाणी म्हणायच्या आणि सासूची नक्कल करायच्या. माय मला चुलीजवळ फिरकू द्यायची नाही. मी कप उचलायला गेले तर म्हणायची, ठेव, तुझ्या सासरी उचल. सकाळी उशिरापर्यंत अंगणात बाजेवर पडून राहायचं आणि मायने डोक्यातून हात फिरवत गावातली सगळी भांडणं सांगायची. तिचं वय झालं आहे. दर वर्षी जाताना मी तिच्या चालण्याकडे बघते आणि मनात पुढच्या आखाजीचा हिशोब करते. मला त्या गाडीची खिडकी हवी होती हे खरं, पण आखाजीच्या बदल्यात नको होती.

नवऱ्याची गंमत नव्हती. तो मनापासून बोलत होता. रेल्वेच्या गर्दीत तुझे हाल होतात, भावाला उगाच हेलपाटा, तुझ्या मायलाही आपल्या सगळ्यांना भेटायचं असतं. मी सासूबाईंकडे बघितलं. मला खात्री होती की त्या हे मोडून काढतील, कारण सुनेच्या माहेरी जाऊन राहणं त्यांना कधीच चालत नसे. व्याह्यांच्या घरचं पाणी प्यायलाही त्या दहा वेळा विचार करायच्या.

"व्याहीना घरमा नही ऱ्हावानं," त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं, "पन आते ते आपलं घर आपले संगे शे."

घर संगे. ते घर मी पसंत केलं होतं, परात आडवी मावते का ते हाताने मोजून.

पुढचे दिवस मी फार वाईट काढले. कुणाला काय सांगणार? गल्लीतल्या बायका गठ्ठा घ्यायला आल्या की म्हणायच्या, नशीब काढलंस बाई, आमचा तर रिक्षातूनही कुठे नेत नाही. माझा नवरा मला सासरच्या जाचातून सोडवून माहेरी नेत नव्हता, तो सगळं सासर उचलून माहेरी नेत होता, आणि यात तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं. मारणारा, पिणारा नवरा असता तर मला भांडता आलं असतं. याच्याशी कशावरून भांडायचं? मी दोनदा तोंड उघडलं. एकदा म्हटलं, गाडी घाटात जड जाईल, तुम्हीच म्हणत होता. तो म्हणाला, नवीन टायर टाकले. दुसऱ्यांदा म्हटलं, आत्यांनी घागर कुठे भरायची? कारण आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज आणि गोड सांजोरी ठेवतात, निखाऱ्यावर पोळी-तुपाचा घास टाकतात. ती आपल्याच घरात भरायची असते. मी माहेरी गेले की माझी नणंद कोसाडहून यायची, तिचं ते माहेर, आणि दोघी मायलेकी मिळून सासऱ्यांची घागर भरायच्या. घागर सोडून सासूबाई कुठे जाणार नाहीत, हा माझा शेवटचा आधार होता.

सासूबाईंनी त्याच दिवशी नणंदेला फोन लावला. तूही चल, म्हणाल्या, सहा जणांची जागा आहे, घागर गाडीतच भरू.

भावाला फोन नवऱ्याने केला. मी समोर बसून धागे कापत होते. "तुम्ही मुऱ्हाळी येऊ नका, आम्हीच येतो," तो हसत हसत म्हणाला. मग त्याला दोनदा "हॅलो, हॅलो" करावं लागलं. माझ्या हातून त्या दिवशी कात्री साडीला लागली. तेवढं एकच मी कुणाला सांगितलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही गावात शिरलो. गावातली सगळी पोरं गाडीमागे धावली. माय दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती, पण ओवाळायचं कुणाला हे तिला कळेना. लेक एकटी उतरली असती तर तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला असता. इथे आधी विहीण उतरली, मग विहिणीची लेक, मग जावई. तिने डोक्यावर पदर ओढला आणि सासूबाईंच्या पायावर पाणी घातलं. मी सगळ्यांच्या मागून उतरले, हातात दुधाची पिशवी घेऊन.

ऊन मी म्हणत होतं आणि अंगणात सावली एकाच ठिकाणी होती. नवऱ्याने मोबाईलमध्ये उत्तर बघितली, मागे-पुढे केलं आणि गाडी निंबाखाली लावली. झोक्याचा दोर भावाने फांदीला आधीच बांधून ठेवला होता. तो गाडीच्या छतावर टाकीला अडकायला लागला. भाऊ वर चढला आणि त्याने दोर सोडला.

दुपारी माझ्या मैत्रिणी आल्या. त्यांनी गाडी आतून बघितली, नळ सोडून बघितला, पलंग दाबून बघितले, संडासाचं दार उघडून हसल्या. बस ना, मी म्हणत होते. पण आत सासूबाई पाय लांब करून बसल्या होत्या, त्यांच्यासमोर कसली नक्कल आणि कसली गाणी. थोड्या वेळाने मैत्रिणी दुसऱ्या गल्लीत झोक्यावर गेल्या. त्यांची गाणी मला ओट्याशी ऐकू येत होती. मी पुरणाची डाळ शिजायला टाकत होते.

सणाच्या दिवशी घागर भरली ती त्याच ओट्यावर. सासूबाईंनी गाडीच्या दाराला आंब्याचं तोरण बांधलं, उंबऱ्याला म्हणजे पायरीला हळद-कुंकू लावलं. सासऱ्यांच्या नावाने घास पडला तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही आलं, त्यांना वाटलं सासऱ्यांच्या आठवणीने. बाहेर चुलीवर मोठं खापर चढलं होतं आणि माय शेजारणींबरोबर मांडे टाकत होती. तो वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे. मला आत तव्यावर साध्या पुरणपोळ्या करायच्या होत्या, कारण घागरीचा नैवेद्य आपल्या घरचाच लागतो. नणंद वरच्या पलंगावर पालथी पडून पोरीबरोबर मोबाईल बघत होती. ती माहेरी आली होती, तिचा भाऊ, तिची आई, तिच्या भावाचं घर. मला तिचा राग आला आणि तो येण्यात तिची काही चूक नव्हती म्हणून जास्तच आला. "वहिनी, तू बी बस ना थोडी," ती दोनदा म्हणाली. पोळी तव्यावर होती.

माय गाडीत आली ती सणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी. सासूबाई आणि नणंद मागच्या पलंगांवर झोपल्या होत्या, नवरा आणि भाऊ पुरुषांच्या पत्त्यांच्या डावाला गेले होते. मायने पायरीवर चपला काढल्या, पदर सावरला आणि दारातूनच विचारलं, "येऊ का?" माझी आई, माझ्या अंगणात, मला विचारत होती. मी तिला समोरच्या बाकावर बसवलं. ती बाकाच्या अगदी कडेला बसली, पाहुणे बसतात तशी. तिने पडदे बघितले, फ्रिज बघितला, छान आहे म्हणाली. मी चहा टाकला. दुसरं काय करणार, घरी आलेल्या माणसाला चहा देतात.

आमचं बोलणं होईना. सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून हळू बोलायचं होतं, आणि हळू बोलायची आम्हाला सवय नव्हती. गावातली भांडणं तर अशी कुजबुजून सांगताच येत नाहीत. मायने चहा फुंकून फुंकून संपवला. मग माझ्या हाताकडे बघत, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "औंदा तू ते उनीच नही, बेटा."

"मी इथेच आहे ना माय," मी म्हटलं.

तिने मागे झोपलेल्या दोघींकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं. "आठे ते तुन्हं सासर शे," ती म्हणाली. रागाने नाही, एखादा पत्ता सांगावा तसं. मग उठली आणि जाता जाता कप माझ्या हातात दिला. मी तो विसळला.

निघायच्या दिवशी तिने पायरीशी उभं राहून माझी ओटी भरली. दरवर्षी या वेळी मी रडते. घराच्या उंबऱ्यातून बाहेर पडताना पाय जड होतात, भाऊ पिशवी धरतो, माय वळून आत जाते. यावेळी मला रडूच आलं नाही. बाहेर पडायला आधी आत जावं लागतं. गाडी निंबाखालून हलली तेव्हा मी मागच्या काचेतून बघितलं. भाऊ लगेच दोर घेऊन झाडाकडे चालला होता, त्याच्या पोरींसाठी असेल.

नवापूरच्या पुढे रस्ता चांगला लागला. मी पुढे नवऱ्याशेजारी बसले होते. मोठी काच होती, बाहेर डोंगर सरकत होते, माणसं, म्हशी, पळसाची झाडं. हीच खिडकी मला हवी होती. मागे सासूबाई नणंदेला सांगत होत्या की व्याह्यांनी मान ठेवला, आपल्यामुळे त्यांना काही त्रास झाला नाही. नवऱ्याने माझ्याकडे बघून हसून विचारलं, "कशी झाली आखाजी?"

मी ठरवलं की आता बोलायचंच. मी म्हटलं, "पुढच्या साली मुऱ्हाळी येऊ द्या."

त्याला खरंच नवल वाटलं. त्याने आरसा नीट केला, एक ट्रक पुढे जाऊ दिला आणि मायेने म्हणाला, "मुऱ्हाळी कसाले आते? गाडी शे ना आपली."

मग सोनगढ आलं. तिथे त्याने गाडी सावलीत उभी केली, कारण सासूबाईंना चहा हवा होता. मी उठून मागे ओट्याशी गेले आणि पाणी ठेवलं.